पडदे रंगवणाऱ्यांचा सिनेमा

संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात नाटक मंडळीच्या सामानातली सगळ्यात जड आणि सगळ्यात जपून हाताळायची वस्तू म्हणजे पडदे. महालाचा पडदा, बागेचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा. गुंडाळी सुटली की खांबांच्या रांगा दूरवर लहान होत गेलेल्या दिसायच्या, कारंजं उडायचं, झाडांच्या मागे आभाळ फिकं व्हायचं. नटी येण्याआधी टाळी पडायची ती पडद्याला. भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगताना आपण कॅमेऱ्यापासून सुरुवात करतो आणि हे पडदे विसरतो. निदान महाराष्ट्रात तरी चित्रपटाची दृश्यशैली घडवली ती पडदे रंगवणाऱ्या माणसांनी, आणि त्यातले सगळ्यात महत्त्वाचे तिघे कोल्हापुरात एकाच छपराखाली काम करत होते.

त्याआधीची हकिगत थोडक्यात सांगतो. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी कॅमेरा मागवून 1899 मध्ये कुस्तीचं चित्रण केलं. दादासाहेब तोरण्यांनी 1912 मध्ये ‘श्री पुंडलिक’ हे नाटक फिल्मवर उतरवलं. पुढच्याच वर्षी, 3 मे 1913 रोजी, गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. छायाचित्रण त्यांना येत होतं, आणि राजा रविवर्म्याच्या छापखान्याशीही त्यांचा संबंध आला होता. त्या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची, राम-सीतेची रंगीत चित्रं तोवर देशभरातल्या घरांच्या भिंतींवर पोहोचली होती. त्या चित्रांतला देव भाविकाकडे सरळ बघतो. त्याची नजर चौकटीबाहेर आपल्यावर असते, आणि आपण हात जोडतो तेव्हा मधे कुणी नसतं. फाळक्यांनी हीच समोरासमोरची भेट पडद्यावर आणली. 1919 च्या ‘कालिया मर्दन’ची सुरुवात बघा. आधी दिसतो त्यांच्या लहानग्या मंदाकिनीचा चेहरा. ती नुसते भाव बदलून दाखवते. मग तोच चेहरा हळूहळू विरघळतो आणि त्या जागी मुकुटधारी बाळकृष्ण उभा राहतो. मुलगी देव होताना प्रेक्षकाला उघडउघड दाखवली आहे, कसलीही लपवाछपवी नाही, आणि तरीही कृष्ण दिसल्यावर थिएटरातल्या माणसाला तो कृष्णच वाटतो. या एका दृश्यात यंत्राची करामत आणि दर्शनाची ओढ यांची जी गाठ पडली, ती भारतीय सिनेमातून नंतर कधी पुरती सुटली नाही.

याच ओघात फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचं नाव घेतलंच पाहिजे. कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, रसायनं तयार करणं, चित्रण झालेली फिल्म धुणं ही कामं त्या करत, आणि त्यावर साऱ्या चमूचा स्वयंपाकही. शैलीच्या चर्चेत हे हात येत नाहीत. पण ती फिल्म धुतली गेली नसती तर चर्चा करायला काही उरलंच नसतं.

आता कोल्हापूर.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 1890 चा. घरात कारागिरीचा वारसा होता. चित्रकला आणि शिल्पकला ते कुठल्या शाळेत न जाता शिकले. चुलतभाऊ आनंदराव आणि बाबूराव ही जोडी नाटक मंडळ्यांच्या पडद्यांसाठी इतकी नावाजली की मेस्त्री हे आडनाव मागे पडून ‘पेंटर’ हेच लोकांच्या तोंडी बसलं. दोघांना सिनेमाचं वेड लागलं ते फाळक्यांचे चित्रपट पाहून. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, तेव्हा आपणच कॅमेरा करायचा असं ठरलं. मुंबईच्या चोरबाजारातून जुना प्रोजेक्टर आणला, तो खोलून आतली रचना समजून घेतली. 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून काम पुढे नेलं आणि 1918 मध्ये कॅमेरा पूर्ण झाला. कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचं पाठबळ दिलं, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

ज्यानं स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला आहे, त्याला तो काय बघतो आणि काय बघत नाही हे नेमकं ठाऊक असतं. त्या काळची फिल्म सगळे रंग सारखे टिपत नसे. लाल रंग तिच्यावर जवळजवळ काळा उमटे आणि निळा पार पांढरा पडे. रंगमंचावर डोळे दिपवणारा लालजर्द महाल पडद्यावर काळोखी गुहा व्हायचा, आणि मेहनतीनं रंगवलेलं निळं आभाळ कोऱ्या कागदासारखं दिसायचं. शिवाय रंगवलेल्या पडद्यातली खोली एकाच जागेवरून, तीही स्थिर नजरेनं बघितली तरच खरी वाटते. कॅमेरा जरा बाजूला सरकला, नटाची सावली खांबावर पडली, की खांब सपाट असल्याचं उघड झालंच. पडद्यांत हयात घालवलेल्या बाबूरावांनी हे ओळखलं आणि पडदेच काढून टाकले. त्या जागी त्यांनी लाकडाच्या, मातीच्या, उंची-रुंदी-खोली असलेल्या वास्तू उभ्या केल्या. भिंतीला जाडी आली, दाराच्या आत दुसरी खोली आली, पात्रांना पुढून मागे चालत जाण्याची सोय झाली. चित्रणाआधी ते वेशभूषेची, पात्रांची, हालचालींची रेखाटनं करून ठेवत. भारतीय चित्रपटात कलादिग्दर्शन ही स्वतंत्र गोष्ट इथे जन्मली असं मी मानतो, आणि ती पडद्यांच्या सर्वोत्तम रंगाऱ्यानं जन्माला घातली याचं मला आजही नवल वाटतं. आपल्या हातातली सगळ्यात पक्की कला नव्या माध्यमाला चालत नाही हे ओळखून ती बाजूला ठेवायला फार मोठा जीव लागतो.

1920 मध्ये ‘सैरंध्री’ आला. फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवावं लागलं होतं. बाबूरावांच्या चित्रपटात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रियांनीच काम केलं. कीचकाचा वध इतका खरा वाटला की तो भाग पुढे कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. 1923 चा ‘सिंहगड’ हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवर बेतलेला होता. त्यातल्या रात्रीच्या प्रसंगांसाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला. सगळे जण सूर्याच्या भरवशावर चित्रण करत होते त्या काळात हे केवढं धाडस होतं! चित्रकार अंधार रंगवतो तेव्हा आधी उजेड कुठून येतो ते ठरवतो. दिवा हाती आल्यावर बाबूरावांनीही तेच केलं.

आणि मग 1925 चा ‘सावकारी पाश’. देव नाहीत, राजे नाहीत, चमत्कार नाहीत. कर्जात बुडालेला शेतकरी, त्याची जमीन गिळणारा सावकार, आणि शेवटी शहराच्या गिरणीत मजुरीला लागलेला तोच शेतकरी. तरुण शेतकऱ्याचं काम शांताराम वणकुद्रे नावाच्या पोरानं केलं होतं, जो पुढे व्ही. शांताराम झाला. या चित्रपटाची एकही प्रत आज उरलेली नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या आठवणींत एक दृश्य टिकलं. चित्रपट-निर्माते जे. बी. एच. वाडियांनी ते लिहून ठेवलं आहे. मंद उजेडात एक उदास झोपडी आणि विव्हळणारं कुत्रं. बस, एवढंच. मूकपटात कुत्र्याचा आवाज कुणाला ऐकू आला नव्हता, तरी अनेक वर्षांनंतरही त्या चौकटीनं बघणाऱ्याला सोडलं नाही. झोपडी, रात्र आणि जनावर एवढ्यावर एका कुटुंबाची वाताहत सांगायची, हे पौराणिक चित्रपटांच्या भर बहरात सुचणं म्हणजे भारतीय सिनेमातल्या वास्तववादाचा आरंभ होय. ‘पथेर पांचाली’ तेव्हा तीस वर्षं दूर होता.

बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेली मंडळी पुढे बाहेर पडली. दामले, शेख फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी या सराफाला बरोबर घेऊन 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. फत्तेलालना सगळे साहेबमामा म्हणत. दामले आणि साहेबमामा यांची दोस्ती महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या दिवसांपासूनची. एक ब्राह्मण, एक मुसलमान, दोघेही चित्रकार, दोघेही यंत्राशी खेळणारे, दोघेही अबोल. तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीची प्रभातची मुद्रा मराठी माणसाच्या मनात अजून ताजी आहे. 1931 मध्ये ‘आलम आरा’नं चित्रपटाला वाचा दिली. लगेच पुढच्या वर्षी प्रभातनं ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट काढला. दामल्यांनी ध्वनिमुद्रण आत्मसात केलं, साहेबमामांनी नेपथ्य सांभाळलं. 1933 मध्ये कंपनी पुण्याला आली.

पुण्यातल्या नव्या स्टुडिओतला पहिला चित्रपट म्हणजे शांतारामबापूंचा ‘अमृतमंथन’ (1934). नुकतेच ते जर्मनीला जाऊन आले होते, आणि तिथल्या चित्रपटांतल्या तिरप्या सावल्या, कडक उजेड या चित्रपटात जागोजागी दिसतात. त्यातला राजगुरूचा डोळा लोक विसरले नाहीत. सगळी चौकट भरून एकच क्रूर डोळा. मराठी आवृत्तीत केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. फाळक्यांचा देव प्रेक्षकाकडे सरळ बघायचा तो वर देण्यासाठी. इथे तीच सरळ नजर धर्माच्या नावानं बळी मागणाऱ्याची आहे.

मात्र प्रभातच्या शैलीचा कळस शोधायचा तर मी शांतारामांच्या चित्रपटाकडे जात नाही. मी जातो 12 डिसेंबर 1936 रोजी प्रदर्शित झालेल्या ‘संत तुकाराम’कडे. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, कथा-पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षभराहून अधिक काळ चालला आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा सन्मान झाला. ही कीर्ती सगळ्यांना माहीत आहे. मला बोलायचं आहे ते त्या घराविषयी, ज्यात तुकाराम आणि जिजाई एकत्र राहतात.

तुकारामाचं काम विष्णुपंत पागनिसांनी केलं. नाटकात स्त्रीभूमिका गाजवलेला हा नट. चेहरा मृदू, आवाज गोड, हालचाल संथ. कॅमेरा बहुतेक वेळा त्यांच्या समोर उभा राहतो आणि ते गातात. मान किंचित कललेली, नजर विठ्ठलावर किंवा अंतराळात. ते काही करत आहेत असं वाटतच नाही, नुसते असतात. ही रविवर्म्याच्या चित्राची, फाळक्यांच्या कृष्णाची परंपरा आहे. प्रेक्षकानं बघायचं आणि हात जोडायचे.

जिजाई झालेल्या गौरी मात्र पुरत्या वेगळ्या तऱ्हेनं चौकटीत येतात. त्या सदैव कामात. पदर खोचलेला, तोंडाचा पट्टा चालू, म्हशीशीही बोलायचं ते नवऱ्यावरच्या रागातून. त्या आतून बाहेर येतात, बाहेरून आत जातात, भांडी आपटतात, पोरांना ओढतात, आणि त्यांच्या मागे घर खरंखुरं उभं राहतं. उंबरा, ओसरी, चूल, अंगण, सगळ्याला वजन येतं. मुलगा आजारी पडतो तेव्हा संतापलेली जिजाई देवाला जाब विचारायला पायताण हातात घेऊन देवळात शिरते. विठ्ठलाची मूर्ती तिथेही समोर बघत उभी असते, पण या बाईला दर्शन नको आहे, औषध हवं आहे. भारतीय पडद्यावर भक्ती आणि भाकरी यांचा असा आमनेसामने सामना फार थोड्या वेळा झाला आहे. गौरींच्या अंगावर नाटकी अभिनयाचा लवलेशही नाही. ‘सावकारी पाश’च्या झोपडीतून उठून एखादी बाई बोलपटात चालत आली असती तर ती अशीच दिसली असती.

म्हणजे या एका चित्रपटात दोन शैली नवरा-बायकोसारख्या संसार करतात. दामले-फत्तेलालांनी एकीला दुसरीवर कुरघोडी करू दिली नाही, यात त्यांचं मोठेपण आहे. वह्या इंद्रायणीतून वर येतात, शिवाजी महाराजांना पकडायला आलेल्या शत्रूला गर्दीतला जो तो शिवाजी दिसू लागतो, शेवटी विमान वैकुंठाला निघतं. हे सगळे चमत्कार अगदी मन लावून, कॅमेऱ्याच्या सगळ्या युक्त्या पणाला लावून दाखवले आहेत. ते दाखवणाऱ्यांना त्यांची लाज वाटत नव्हती. आणि तेवढ्याच निष्ठेनं त्यांनी जिजाईला तिचा संसार दिला. तुकाराम आभाळात जातात, जिजाई जमिनीवर राहते, आणि प्रेक्षकाला दोघांचंही पटतं.

सालोमालोचं पात्र याच दृष्टीनं बघण्यासारखं आहे. तुकारामाचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणारा हा माणूस. तुकाराम साध्या चालीत गातो, सालोमालो त्याच रचनेला नाटकी हरकती आणि हातवारे चढवतो. ज्यांनी स्वतः संगीत नाटकांच्या जगात उमेदीची वर्षं घालवली, त्यांनी त्या जगाच्या दिखाऊपणावर इतकं अचूक बोट ठेवावं! हा साधेपणा गीतकार शांताराम आठवल्यांनीही साधला. चित्रपटासाठी त्यांनी रचलेला बीजावरचा अभंग ऐकून जाणकारांनाही तो तुकोबांचाच वाटला होता.

त्याच सुमारास देशात इतरत्र वेगळ्या वाटा पडत होत्या. मुंबईला बॉम्बे टॉकीजमध्ये फ्रान्झ ऑस्टेन आणि कॅमेरामन योझेफ विरशिंग ही जर्मन मंडळी मऊ, तुकतुकीत प्रकाशात चेहरे घडवत होती. त्यांचा ‘अछूत कन्या’ही 1936 चाच. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये प्रमथेश बरुआंचा ‘देवदास’ येऊन गेला होता, आणि पार्श्वगायनाची पद्धत 1935 मध्ये तिथेच रुळली. प्रभातनं स्वतःही ‘संत तुकाराम’च्या पुढच्याच वर्षी मोठी झेप घेतली. नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा शांतारामांचा ‘कुंकू’ (1937) पार्श्वसंगीताशिवाय आहे. त्यात ऐकू येतं ते प्रसंगातलंच काही. घरातले आवाज, रस्त्यावरचे आवाज, गाणं असेल तर त्याचं कारण समोर दिसणारं. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात अडकलेली शांता आपटेंची नीरा ज्या शांततेत फणफणते, ती शांतता अंगावर येते. डोळ्यांसाठी बाबूरावांनी जे केलं होतं, ते कानांसाठी इथे झालं. वरून लावलेलं सगळं उतरवलं आणि प्रसंगाची स्वतःची वस्तू तेवढी ठेवली.

नंतर घर फुटलं. 1942 मध्ये शांतारामांनी मुंबईत राजकमल कलामंदिर काढलं, 1945 मध्ये दामले गेले, आणि पन्नाशीच्या दशकात प्रभात बंद पडली. पडत्या काळातही तिथे उमेदवार येत होते. गुरुदत्त नावाचा नृत्य शिकलेला तरुण 1944 मध्ये नोकरीला लागला. ‘प्यासा’ (1957) आणि ‘कागज के फूल’ (1959) मध्ये व्ही. के. मूर्तींच्या कॅमेऱ्यानं सावल्यांशी जे केलं, त्याचं श्रेय मूर्तींचं आणि गुरुदत्तचं. परंतु ज्या आवारात गुरुदत्त कामाला लागला, तिथे उजेड हा कथेचा भाग मानण्याची रीत आधीपासून होती, हेही खरं.

‘पथेर पांचाली’नंतर सत्यजित राय यांनी ‘अपराजितो’ (1956) करताना काशीतल्या घराचा चौक स्टुडिओत उभारायचा ठरवला. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्तांनी घर बांधलं. पण वरून झिरपत येणारा चौकातला उजेड स्टुडिओतल्या दिव्यांनी कसा आणायचा? कॅमेरामन सुब्रत मित्रांनी पांढरं कापड ताणून लावलं आणि दिवे त्याच्यावर रोखले. कापडावरून परतलेला प्रकाश खाली मऊसूत पसरला, सावल्या विरल्या, आणि चौक खरा झाला. ही युक्ती नंतर सगळीकडे वापरली गेली. कोल्हापूरकरांना या प्रयोगाचं मोल नक्की कळलं असतं. रंगारी, सुतार, शिंपी आणि यंत्रकार यांची अक्कल एकत्र आल्याशिवाय असं काही सुचत नाही.

बाबूरावांनी 1936 मध्ये ‘सावकारी पाश’ बोलपट म्हणून पुन्हा केला.  चित्रपटांपेक्षा ते हळूहळू चित्रकला आणि शिल्पकलेत अधिक रमले आणि 1954 मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या 1924 च्या ‘कल्याण खजिना’चं जाहिरातचित्र मात्र टिकलं आहे. त्या चित्रपटाला लंडनमधल्या वेम्ब्ली प्रदर्शनात पदक मिळालं होतं. फिल्म नाहीशी होते आणि कागदावरचा रंग राहतो, हे आपल्याकडे वारंवार घडलं. मूकपटांच्या काळात देशात हजाराहून अधिक चित्रपट निघाले, त्यातले मोजकेच आज कुठल्या ना कुठल्या अवस्थेत उरले आहेत. जानेवारी 2003 मध्ये प्रभातच्या जुन्या आवारात ठेवलेल्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि त्यात प्रभातच्या रिळांचीही राख झाली. ‘संत तुकाराम’ आपण आज बघू शकतो हे आपलं नशीब. ज्याला सिनेमाची भाषा समजून घ्यायची आहे त्यानं तो एकदा आवाज बंद करून बघावा आणि जिजाईच्या मागे घर कसं उलगडत जातं तेवढ्याकडेच लक्ष ठेवावं.

प्रभातचं ते आवार 1960 मध्ये सरकारनं घेतलं आणि तिथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. ऋत्विक घटक तिथे शिकवायला आले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी कुमार शाहनींनी पुढे प्रभातच्या संतपटांवर मनापासून लिहिलं. मणी कौल यांनी ‘उसकी रोटी’ करताना चौकट बांधायला अमृता शेरगिलच्या चित्रांचा आधार घेतला. नवऱ्याची भाकरी घेऊन बसथांब्यावर वाट बघणारी त्यातली बालो फार कमी बोलते, फार कमी हलते. समोरून दिसणारी तिची स्थिर आकृती बघताना पागनिसांचा तुकाराम आठवतो, आणि हातातल्या भाकरीकडे लक्ष गेलं की जिजाई.